सुचत नाही, आणि सुचलं तर वाढत नाही: लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा लेखन गट आहे. दर आठवड्याला जमतो, एकमेकांचं वाचतो, त्यावर बोलतो. याची बातमी तोंडोतोंडी पसरली तसे प्रश्न यायला लागले. काही व्हॉट्सॲपवर येतात, काही ई-मेलवर, काही जण कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता विचारतात. विचारणाऱ्यांत कॉलेजात एकांकिका लिहिणारी मुलंमुली आहेत, आयटीतले आहेत, निवृत्त बँक कर्मचारीही आहेत. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत आहेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांत अडकतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिहायची खूप इच्छा आहे, पण काही सुचतच नाही. म्हणजे माझ्यात प्रतिभा नाही का?

एवढ्यात तसं ठरवू नका. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्य कशातून जन्मतं हे सांगताना तीन गोष्टी एकत्र धरल्या आहेत: उपजत शक्ती, लोकव्यवहार आणि ग्रंथ नीट पाहून आलेली निपुणता, आणि जाणकाराकडे शिकून केलेला अभ्यास. या तिन्ही मिळून एकच कारण, असं त्याचं म्हणणं. पहिली आपल्या हातात नाही, तर तिची काळजी करत बसू नये. उरलेल्या दोन्ही हातात आहेत, आणि 'सुचत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचं तिथेच अडलेलं असतं. पाहिलेलं टिपलेलं नसतं (प्रश्न २), नाहीतर टिपलेल्यापाशी पुरेसं थांबलेलं नसतं (प्रश्न ५). मला दुसरी अडचण जास्त मोठी वाटते. लोकांना सुचतं बरंच. त्याला पुढे प्रश्न विचारत राहायचं असतं, हे मात्र शाळेत निबंध लिहून घेताना कुणी सांगितलेलं नसतं.

२. वहीत रोज नक्की काय टिपायचं? डायरीच लिहायची का?

डायरी लिहीत असाल तर जरूर लिहा, पण ही वही वेगळी ठेवा. हिच्यात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं येऊ द्या. त्यावरचं आपलं मत नको.

समजा, बसमधून घरी येऊन कुणी लिहिलं: 'आज बसमध्ये एक एकाकी आजी भेटल्या. वाईट वाटलं.' महिन्याभराने हे वाचून हाताला काही लागत नाही, कारण तिथे आजी नाहीतच, लिहिणाऱ्याची मनःस्थिती आहे. आता तीच नोंद अशी करून पाहा: 'शिवाजीनगरहून कात्रजची बस. आजींनी तिघांना वेगवेगळं सांगून ठेवलं, स्वारगेट आलं की सांगा हं. स्वारगेटला तिघंही एकदम बोलले. आजी म्हणाल्या, माहितीये मला. आणि उतरल्या नाहीत.' 'एकाकी' हा शब्द कुठेही नाही, पण वाचणारा थांबतो. का उतरल्या नाहीत, हे त्याला विचारावंसं वाटतं, आणि वर्षभराने तुम्हालाही वाटेल.

टिपण्याजोगं म्हणजे: कुणी बोललेलं वाक्य जसंच्या तसं, वस्तूची किंमत, हाताने काम करणाऱ्याची पद्धत, दुकानावरची पाटी, जागेवर नसलेली वस्तू. दिवसाला तीन-चार ओळी पुरतात. खाली जागा आणि तारीख टाका.

३. वही चांगली की मोबाइल?

जे हाताशी असेल ते. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आता फोनमध्ये बरी चालते, त्यामुळे रस्त्यात वही काढायला संकोच वाटणाऱ्यांचं काम सोपं झालं आहे. फक्त आठवड्यातून एकदा फोनमधल्या नोंदी हाताने वहीत उतरवा. उतरवताना निम्म्या गळतात, आणि ज्या राहतात त्या आपोआप पुन्हा वाचल्या जातात.

४. माझं आयुष्य अगदी सरळ आहे. कोथरूडला फ्लॅट, हिंजवडीला नोकरी. यात लिहिण्यासारखं काय?

भरपूर. नोटीस पिरियडवर असलेल्या सहकाऱ्याशी टीम कशी वागायला लागते? कॅबमध्ये शेवटी कोणाला सोडायचं यावरून कशी धुसफूस चालते? परदेशी क्लायंटशी रात्री बोलताना घरातली माणसं कशी पाय न वाजवता वावरतात? हे बाहेरून कुणाला कळत नाही, तुम्हाला रोज दिसतं. मराठीत ग्रामीण जीवनावर आणि जुन्या वाड्यांवर पुष्कळ लिहून झालंय. वाकड-हिंजवडीच्या रस्त्यावर दिवसाचे तीन तास घालवणाऱ्या माणसावर त्या मानाने फार थोडं आलं आहे.

एक काम करून बघा. तुमच्या कामातली अशी एक रीत लिहून काढा जी नवख्याला कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात. ती पाळली नाही तर काय होतं, हे पुढच्या परिच्छेदात लिहा. एवढ्यातच एक माणूस आणि एक पेच उभा राहतो.

५. एखादी ओळ किंवा दृश्य सुचतं. त्याची गोष्ट कशी करायची?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून एक उदाहरण पहिल्यापासून करून दाखवतो.

नोंद अशी आहे: 'सदाशिव पेठ. जुना वाडा. बोळात लाकडी फळीवर विजेचे आठ मीटर. सात बंद, वायरी कापून वर गुंडाळलेल्या. एकाचा दिवा लुकलुकतोय.'

पहिला प्रश्न साधा विचारायचा: बाकीचे बंद का? वाडा पाडून इमारत व्हायची आहे, सात भाडेकरू पैसे किंवा दुसरी जागा घेऊन गेले, एक राहिला. इथे मन लगेच पुढे धावतं. हावरा बिल्डर, असहाय म्हातारी, शेवटी बुलडोझर. ही गोष्ट वाचकाला आधीच ठाऊक आहे, म्हणून ती कागदावर लिहून बाजूला ठेवायची (ती बाजूला का ठेवायची, ते प्रश्न ८ मध्ये).

दुसरा प्रश्न: या फळीसमोर कोण उभं राहतं? दर महिन्याला रीडिंग घ्यायला येणारा मुलगा. तो फोनवर मीटरचा फोटो काढतो आणि जातो. म्हणजे वाड्यातल्या शेवटच्या घराबद्दल एक गोष्ट फक्त त्याला माहीत आहे: युनिट.

तिसरा प्रश्न: मग किती युनिट? इथे थोडं गणित करावं लागतं, आणि मला वाटतं खरी कल्पनाशक्ती अशाच जागी कामाला लागते. नऊ वॅटचा एलईडी दिवा चोवीस तास, महिनाभर जळत राहिला तर साधारण साडेसहा युनिट होतात. समजा, रीडिंग दर महिन्याला सहा किंवा सात येतंय. फ्रिज नाही, पंखा नाही, टीव्ही नाही. एक दिवा, जो कधी बंदच होत नाही. आत कुणी राहत नाही आणि तरी कुणीतरी दिवा चालू ठेवला आहे.

चौथा प्रश्न: असं का करेल कुणी? आता चौकशी करायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ती रिकामी करून मागता येते. जागा वापरात होती की नाही हे ठरवताना विजेची बिलं पुढे येतात. म्हणजे तो दिवा कुणाचा तरी हक्क धरून ठेवतो आहे. किंवा तसा प्रयत्न करतो आहे, कारण सहा युनिटांचं बिल उलट बाजूनेही बोलतं.

पाचवा प्रश्न: आता कोणाला काय हवंय? मालकाचा माणूस अमृततुल्यात मुलाला चहा पाजतो आणि सहज विचारतो, 'वरच्या घरात असतं का रे कोणी?' मुलगा कंत्राटी आहे, त्यालाही एक नोकरी टिकवायची आहे. काय सांगेल तो? सांगितलं तर काय होईल, आणि नाही सांगितलं तर?

इथपर्यंत आलात की लिहायला बसा. शेवट ठरलेला नसला तरी चालेल. सुरुवात मात्र उशिरा करा, म्हणजे वाड्याचा इतिहास सांगत बसू नका. ज्या महिन्यात रीडिंग शून्य येतं त्या दिवशी मुलगा फळीसमोर उभा आहे, तिथून सुरू करा.

या सगळ्यात पहिल्या नोंदीबाहेरचं अचानक सुचलेलं असं फारसं काही नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला विचारलेल्या प्रश्नातून आली आहे.

६. जबरदस्त कल्पना सुचते, पण चार पानांत दम निघून जातो. असं का होतं?

बहुतेक वेळा हातात असतो तो विषय. त्याला अजून माणूस मिळालेला नसतो. 'स्थलांतर', 'वृद्धांचा एकटेपणा', 'स्पर्धा परीक्षांचं चक्र' हे विषय आहेत, त्यांवर लेख होतो. कथेला एक माणूस लागतो, ज्याला ठरावीक दिवशी ठरावीक गोष्ट हवी आहे आणि ती मिळण्यात अडचण आहे. 'अभ्यासिकेत तीन वर्षं काढलेल्या मुलाला आजच्या आज खोलीचं भाडं द्यायचंय आणि घरी फोन करायचा नाहीये' असं म्हटलं की पाचवं पान आपोआप दिसायला लागतं.

दुसरं कारण: गोष्ट लिहिण्याआधी मित्रांना रंगवून सांगितलेली असते. सांगून झाली की लिहिण्याची निकड कमी होते. पहिला खर्डा होईपर्यंत तोंड बंद ठेवलेलं बरं.

आणि कधी कधी प्रकारच चुकलेला असतो. सगळं घडणं एका खोलीत, संवादांत आणि तासाभरात मावत असेल तर ती एकांकिका आहे. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्ताने पुण्यात कॉलेजची मुलं हा प्रकार लिहीत आली आहेत. स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात जाऊन बसा. काय रंगमंचावर उभं राहतं आणि काय राहत नाही, ते तिथे समोर दिसतं.

७. अडलं की चालायला जावं म्हणतात. खरंच उपयोग होतो का?

होतो, पण एका अटीवर. स्टॅनफर्डमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या आणि वेगळ्या कल्पना जास्त सुचल्या. विशेष म्हणजे बंद खोलीत ट्रेडमिलवर, समोर कोरी भिंत असतानाही हा फरक दिसला. त्यामुळे वेताळ टेकडीवर जाता आलं तर उत्तमच, नाहीतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या तरी चालेल. ज्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असतं, तिथे मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे पर्याय शोधायला चाला, मजकूर तपासायला बसा.

अट ही की चालायला निघण्याआधी त्या अडचणीशी झगडलेलं असलं पाहिजे. ग्रॅहम वॉलस याने १९२६ साली निर्मितीचे चार टप्पे सांगितले होते: तयारी, मुरणं, सुचणं आणि पारखणं. मुरणं दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या टप्प्याशिवाय टेकडीवर गेलात तर व्यायाम होईल. निघताना प्रश्न एका वाक्यात लिहून खिशात टाका, आणि कानात काही घालू नका.

८. जे सुचतं ते आधीच कुणीतरी लिहिलंय असं वाटतं. वेगळं कसं सुचणार?

आधी सुचतं ते सगळ्यांनाच आधी सुचतं, म्हणून. सर्जनशीलतेच्या अभ्यासात हे १९५० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे: एकाच प्रश्नाची उत्तरं देत गेलं की नंतरची उत्तरं सुरुवातीच्यांपेक्षा जास्त वेगळी निघतात. गंमत अशी की माणसाला स्वतःला उलट वाटतं. जसजसा वेळ जातो तसं आपलं डोकं आटत चाललंय अशी त्याची समजूत होते आणि तो थांबतो. २०२० साली ल्युकास आणि नॉर्डग्रेन या संशोधकांनी हाच भ्रम प्रयोगांतून दाखवला.

करायचं काय, तर एका प्रसंगाचे वीस शेवट लिहा, प्रत्येकी एक ओळ. पहिले सात-आठ ऐकलेले असतील. मग कंटाळा येईल, काहीतरी वेडंवाकडं लिहाल. पंधराव्याच्या आसपास एखादी ओळ अशी येते की आपणच चमकतो. प्रश्न ५ मधली बिल्डर आणि म्हातारीची गोष्ट लिहून बाजूला ठेवायला सांगितली ती याचसाठी. मनात ठेवली तर ती वाट अडवते.

९. पुण्यात लेखकाने साहित्य शोधायला कुठे जावं?

वाचनालय म्हणाल तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, टिळक रस्त्यावर. तिथले कार्यक्रम ऐकायला जात चला. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. भांडारकर संस्था (१९१७) आणि भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) ही फक्त संशोधकांची ठिकाणं आहेत असा एक धाक लोकांच्या मनात असतो. ऐतिहासिक काही लिहिणार असाल तर तो सोडा, आधी जाऊन नियम विचारा आणि थोडी मोडी शिका. पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडीतच आहेत, आणि त्यात लढायांइतकाच घरखर्चही आहे. कथा लिहिणाऱ्याला घरखर्च जास्त उपयोगी पडतो.

जुनी वृत्तपत्रं चाळायला मिळाली तर अग्रलेखांआधी जाहिराती वाचा. त्या वर्षी लोकांना काय विकत घ्यावंसं वाटत होतं, कशाची भीती वाटत होती, ते तिथे कळतं.

आणखी एक खजिना आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या बायकांच्या १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. त्यातल्या पुष्कळ आता 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. दोन ओळींत नणंद, माहेर, दुष्काळ आणि राग कसा मावतो हे शिकायला माझ्या माहितीत दुसरी इतकी चांगली जागा नाही.

आणि घरातली माणसं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा कळत्या वयाची असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना 'पूर कसा होता' असं विचारू नका, ते ठरलेलं सांगतील. 'घरातून निघताना हातात काय घेतलं होतं?' असं विचारा. आणि यंदाच विचारा.

१०. कुणाचं वाचलं की तसंच लिहिलं जातं. लिहिताना वाचन थांबवू का?

थांबवू नका, वाचनाची दिशा बदला. कथा लिहीत असाल तर त्या काळात कथा सोडून बाकीचं वाचा: प्रवासवर्णनं, पत्रव्यवहार, शेतीची मासिकं, न्यायालयाचे निकाल. एकाच लेखकाचा प्रभाव पडतोय म्हणजे एकाचंच वाचलं जातंय. दहांचं वाचा.

११. लिहिलेलं कोणाला दाखवू? आणि कल्पना गटात बसून शोधाव्यात का?

कल्पना एकट्याने शोधा, गटात पारखा. १९५८ साली येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा एकेकट्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली, आणि नंतरच्या अनेक प्रयोगांतही तेच दिसलं. गटात एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि 'काय म्हणतील' ही भीती असतेच.

आमच्या गटात आधी प्रत्येक जण गप्प बसून लिहितो. मग वाचतो. ऐकणाऱ्याने पहिल्यांदा फक्त एवढंच सांगायचं: काय डोळ्यांसमोर आलं आणि कुठे लक्ष उडालं. 'मी असतो तर असं केलं असतं' हे वाक्य दुसऱ्या फेरीपर्यंत कुणी उच्चारत नाही. घरच्यांना पहिला खर्डा दाखवू नका. ते एकतर कौतुक करतात, नाहीतर त्यात स्वतःला शोधतात (प्रश्न १७).

१२. मी लातूरचा. पुण्यात आल्यापासून लिहिताना भाषा आखडते. प्रमाण भाषेतच सुचायला हवं का?

मुळीच नाही, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो. स्पर्धा परीक्षेसाठी, नोकरीसाठी पुण्यात आलेल्या किती तरी मुलामुलींच्या वह्यांत मी हे पाहिलं आहे: पात्र बोलायला लागलं की लिहिणाराच घाबरतो. 'काय करायलास?' असं मनात आलेलं वाक्य कागदावर 'काय करतो आहेस?' होऊन उतरतं, आणि त्यासरशी बोलणाऱ्याचं वय, गाव आणि समोरच्याशी असलेलं नातं पुसलं जातं. मग पात्र काही करत नाही, कारण ते आता कुणीच नाही.

पहिला खर्डा घरी फोनवर बोलता त्या भाषेत लिहा. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की बोलीत, हा निर्णय दुसऱ्या खर्ड्यात घ्या. दोन्ही रीती मराठीत रुळलेल्या आहेत. एकच जपा: बोली फक्त विनोदी किंवा अडाणी पात्रांच्या तोंडी देऊ नका. शहाण्या माणसालाही ती बोलू द्या. आणि आपली नसलेली बोली लिहायची असेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या.

१३. नोकरी, घर, मुलं यात वेळ कधी काढायचा?

हजारेक वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत काव्यशास्त्रकाराने कवीचा आदर्श दिवस प्रहरांत वाटून दिला आहे: सकाळी अभ्यास, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी, नंतर लिहिलेल्याची पारख. त्या कवीच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत होतं. पण रचना आणि पारख यांच्या वेळा त्याने वेगळ्या ठेवल्या, ते घेण्यासारखं आहे. तुमच्याकडे दिवसाला वीसच मिनिटं असतील तर चार दिवस नुसतं लिहा आणि पाचव्या दिवशी तपासा. एकाच वीस मिनिटांत दोन्ही करायला गेलं की पहिली ओळच दहा वेळा खोडली जाते.

लिहिणाऱ्या बाई असतील तर बऱ्याचदा वेळेआधी घरच्यांशी बोलावं लागतं. 'मी या वेळेत दिसणार नाही' हे एकदा स्पष्ट सांगितलं की पुढचं सोपं होतं.

१४. दिवाळी अंकासाठी विषय देऊन कथा मागितली. दिलेल्या विषयावर काही सुचत नाही.

दिलेल्या विषयावर लिहिणं आपल्याकडे जुनंच आहे. समस्यापूर्तीत शेवटची ओळ दुसरा द्यायचा आणि कवीने तिथपर्यंत पोहोचायचं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून तर मराठी लेखकाला ठरलेल्या मुदतीची आणि मागणीची सवय आहे.

विषयाच्या मधोमध जाऊ नका, कडेने शिरा. 'पाऊस' दिला असेल तर छत्र्या दुरुस्त करणारा ऑक्टोबरमध्ये काय करतो इथून सुरू करा. वहीतल्या जुन्या नोंदींपैकी कोणती या विषयाला लागून आहे ते बघा. गणपतीआधी बहुतेक अंकांची पानं ठरत आलेली असतात, म्हणून जमणार नसेल तर संपादकांना वेळेत कळवा.

१५. कल्पना कुणाला सांगितली आणि त्याने चोरली तर?

भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत आणि मांडणीत उतरली त्याला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. तक्रार एका नाटकावरून चित्रपट उचलल्याची होती. विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून न्यायालयाने दावा मान्य केला नाही. तेव्हा 'वाड्यातला शेवटचा मीटर' ही कल्पना कुणाचीही असू शकते. तुम्ही लिहिलेली कथा तुमची.

हक्क लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणीचा किंवा तारखेसह पाठवलेल्या ई-मेलचा उपयोग होतो. हक्क दुसऱ्याला देताना लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. सही करण्याआधी ही ओळ शोधा.

१६. आणि मीच दुसऱ्याची कल्पना घेतली तर?

राजशेखराने यावर प्रकरणंच लिहिली आहेत, आणि कवी आणि व्यापारी यांच्यात चोर नसलेला कुणी नाही असं मान्यही केलं आहे. घेतलेलं लपवता येणं आणि त्यात आपलं काही घालणं, यावरून त्याने कवींच्या पायऱ्या लावल्या आहेत.

आजचा हिशेब असा. बीजकल्पना, पुराणकथा, लोककथा सगळ्यांच्या आहेत. हयात किंवा अलीकडे गेलेल्या लेखकाच्या कृतीचं रूपांतर किंवा अनुवाद करायचा असेल तर परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. १९६० मध्ये गेलेल्या लेखकाचं लेखन २०२० अखेरपर्यंत संरक्षित होतं. मूळ लेखन खुलं झालं तरी त्याचा एखादा नवा अनुवाद संरक्षित असू शकतो, इथे लोक हमखास चुकतात.

१७. घरातल्या माणसावर लिहायचंय. नाव बदललं की झालं का?

नाही. गावाचं नाव, व्यवसाय आणि तो एक प्रसंग तसाच ठेवला तर नातेवाईक पहिल्या पानावर ओळखतात. ओळख पटत असेल तर नाव बदलूनही बदनामीची तक्रार होऊ शकते. हेतू घरच्यांच्या भावना दुखावण्याचा असेल तर मृत व्यक्तीबद्दलचं लेखनही त्या कलमात येऊ शकतं.

कायद्याआधी मात्र लेखनाचा प्रश्न आहे. जशीच्या तशी आत्या लिहिली की ती तुमचं ऐकत नाही, 'असं झालंच नव्हतं' म्हणत राहते. तिचं वय बदला, तिला दुसऱ्या शहरात न्या, तिला तुमच्याकडे नसलेलं एक कसब द्या. थोड्याच पानांत ती आत्या राहत नाही आणि तुम्हाला मोकळं लिहिता येतं. आठवणीच लिहायच्या असतील, तर हयात माणसाला त्याच्यावरची पानं आधी वाचायला द्या. दुसऱ्याच्या आजाराबद्दल किंवा मुलांबद्दल असेल तर नक्कीच.

१८. एआयला कल्पना विचारल्या तर बिघडलं काय?

२०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या एका अभ्यासात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, पण त्या कथा एकमेकींसारख्या झाल्या. मला हे प्रश्न ८ शी जोडून पाहावंसं वाटतं. यंत्र पहिल्या सात-आठ उत्तरांत वाकबगार आहे. माझा सल्ला: ती पहिली यादी त्याच्याकडून घ्या आणि त्यातलं काहीच वापरू नका. कायद्याचं कलम, विजेचं गणित असं काही विचारलंत तर उत्तर मूळ ठिकाणी तपासा. स्पर्धेला किंवा अंकाला पाठवताना त्यांचा याबाबतचा नियम आधी वाचा.

१९. कित्येक महिने झाले, लिहिणंच काय, वाचावंसंही वाटत नाही. हाही अडथळा म्हणायचा का?

लिहिणं अडलंय पण जेवण, झोप, गप्पा ठीक आहेत, तर वरचे उपाय करून पाहा. आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतलं मन उडालं असेल, झोप बिघडली असेल, तर हा लेखनाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. त्या काळात रोज लिहिण्याचा नेम धरून स्वतःला आणखी त्रास देऊ नका. घरात कुणी गेलं असेल, बाळ झालं असेल, तरीही काही काळ नुसत्या नोंदी पुरेत. त्याही नाही झाल्या तरी हरकत नाही.

२०. एखादी कल्पना कधी सोडून द्यावी?

प्रश्न ५ मधले प्रश्न विचारून झाले, वीस शेवट लिहून झाले, दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून सांगून पाहिली, आणि तरी तुम्हालाच पुढे काय होतं याची उत्सुकता नाही, तर सोडा. कंटाळा आला म्हणून सोडू नका. कंटाळा बहुतेकदा सातव्या-आठव्या शेवटापाशी येतो.

सोडताना फाडून टाकू नका. वहीच्या मागच्या बाजूला एक पान ठेवा, तिथे कल्पना दोन ओळींत लिहा आणि खाली उत्तर न मिळालेला शेवटचा प्रश्न लिहा. मीटरच्या गोष्टीत माझा अडकलेला प्रश्न असा आहे: रीडिंग शून्य आल्यावर मुलगा वर जाऊन दार वाजवतो का? कुणाला याचं उत्तर मिळालं तर कथा तुमची, खुशाल लिहा, आणि आम्हाला वाचायला पाठवा.